पान उलटण्याआधी

आमच्या वाचनालयाच्या काउंटरवर ठरावीक दिवसांनी एक मागणी येतेच. "अंधश्रद्धेवर काही चांगलं असेल तर द्या ना." मी विचारतो, "कुणासाठी?" बहुतेक वेळा पुस्तक दुसऱ्याच कुणासाठी हवं असतं. बुवाच्या नादी लागलेल्या काकांसाठी, रोज सकाळी सगळ्या सोसायटीला फॉरवर्ड पाठवणाऱ्या सासऱ्यांसाठी, पत्रिका जुळत नाही म्हणून लग्न अडवून बसलेल्या आईसाठी. मी पुस्तक देतो, पण अट घालून. आधी स्वतः वाचायचं आणि महिनाभर काकांचा विषय काढायचा नाही.

ही अट मला महागात पडून सुचलेली आहे. चोविसाव्या वर्षी मी या विषयावरची दोन पुस्तकं वाचली आणि तिसऱ्याच दिवशी आत्याच्या घरी, तिच्या हातची साबुदाण्याची खिचडी खात, तिच्या संकष्टीवर भाषण ठोकलं. ती काही बोलली नाही. पुढच्या संकष्टीला मात्र मला खिचडीचं बोलावणं आलं नाही. त्या दोन पुस्तकांतून मी नुसती उत्तरं उचलली होती. शंका कशी घ्यायची हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. ज्या क्रमाने शिकलो असतो तर बरं झालं असतं, तो क्रम नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी इथे लिहून ठेवतोय.

पायरी पहिली : पुस्तकाआधी वही

शंभर पानी वही आणि एक पेन्सिल घ्या. पहिल्या पानावर अशा तीन गोष्टी लिहा, ज्या तुम्ही मानता पण कधी तपासल्या नाहीत. सोप्या नकोत. "मांजर आडवं गेलं तर काही होत नाही" हे लिहून काही साधत नाही, ते तुम्ही मानतच नाही. जिथे हात थोडा अडखळतो ते लिहा. माझ्या पानावर होतं : थंडीत केळं खाल्लं की सर्दी होते, आमच्या वळणावर अमावस्येलाच अपघात होतात, आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या हाताला गुण आहे.

आता प्रत्येकासमोर एक प्रश्न लिहा : हे खोटं असतं तर मला ते कशावरून कळलं असतं? आणि खाली चार ओळी मोकळ्या सोडा.

हाताला गुण असण्याचंच बघू. ताप आला की पहिल्या दिवशी आपण क्रोसिन घेतो, दुसऱ्या दिवशी काढा, तिसऱ्या दिवशी अगदीच उठवेना झालं की रिक्षा करून डॉक्टरांकडे जातो. म्हणजे जातो कधी, तर दुखणं टोकाला पोचलेलं असतं तेव्हा. साधा व्हायरल ताप बहुतेक वेळा टोकाला गेल्यावर आपोआप उतरायला लागतो. चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि श्रेय मिळतं तिसऱ्या दिवशीच्या गोळीला, इंजेक्शनला, किंवा कुणी अंगारा लावला असेल तर अंगाऱ्याला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते म्हणतात ती हीच. फरक एवढाच, की इथे फांदी तुटायच्या बेताला आल्यावर आपणच कावळ्याला आमंत्रण देतो. डॉक्टर वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांच्या हाताला गुण आहे की नाही, हे माझ्या तापावरून कळणार नाही, एवढाच आहे. त्यासाठी त्यांच्याकडे गेलेले पुष्कळ रोगी आणि न गेलेले तसेच पुष्कळ रोगी शेजारी शेजारी ठेवून मोजावे लागतील.

अमावस्येच्या अपघातांचंही तसंच. अमावस्येला झालेला अपघात गावभर होतो, सप्तमीला झालेल्या अपघाताची तिथी कुणी बघतही नाही.

पायरी दुसरी : पहिलं पुस्तक

मराठीतून सुरुवात करा. इंग्रजी नंतर येईलच. नरेंद्र दाभोलकरांचं एखादं पुस्तक घ्या. माझ्या मते नवख्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही, आणि याचं कारण त्यांची भाषा. साताऱ्यातला डॉक्टर, एकेकाळचा कबड्डीपटू, खेडोपाडी सभा घेणारा आणि 'साधना'सारखं साप्ताहिक चालवणारा हा माणूस, समोरचा उठून प्रश्न विचारणार आहे हे गृहीत धरूनच लिहितो. १९८९मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. वाचताना हे मनात असू द्या, पण त्यांनी किंमत मोजली म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य खरं मानू नका. ते त्यांनाही चाललं नसतं.

आगरकर मी लगेच देत नाही. १८८८मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या, जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा बघावी लागलेल्या या माणसाचे निबंध आजही अंगावर येतात. पण वाक्यं लांब आहेत आणि सूर खरडपट्टीचा आहे. विशीतला वाचक तो सूर आधी उचलतो, युक्तिवाद नंतर. मग आत्याची खिचडी बंद होते. आगरकर तिसरे किंवा चौथे घ्या.

इंग्रजी जमत असेल तर अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचं १९९५चं 'द डेमन-हॉन्टेड वर्ल्ड' घ्या. जाडजूड आहे, आणि सगळं वाचायलाच हवं असं नाही. भाकडकथा ओळखायच्या साधनांवरचं प्रकरण आणि गॅरेजमधल्या अदृश्य ड्रॅगनचं प्रकरण, ही दोन आधी वाचा. गॅरेजमध्ये ड्रॅगन आहे म्हणणाऱ्याला दाखव म्हटलं की तो म्हणतो, ड्रॅगन अदृश्य आहे; दुसरी तपासणी सुचवली की दुसरी सबब. हा मुद्दा आपल्याकडच्या कुठल्याही बुवाच्या दरबाराला लागू पडतो. प्रत्येक तपासणीला नवी पळवाट निघत असेल, तर ड्रॅगन असणं आणि नसणं यात फरक काय राहिला?

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीपासून आपलं मूलभूत कर्तव्यही आहे. शाळेच्या पुस्तकात ते छापलेलं असतं. ते पाठ करून कुणी चिकित्सक झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

पायरी तिसरी : निकाल झाकून वाचा

एवढी एक पायरी पाळलीत आणि बाकीच्या सोडल्यात तरी चालेल. पुस्तकात एखाद्या प्रयोगाचं किंवा चाचणीचं वर्णन आलं की निकालाच्या अलीकडे थांबा. पुढचा मजकूर पोस्टकार्डाने झाका. वहीत लिहा : काय होईल असं मला वाटतं, आणि का. मग पोस्टकार्ड काढा.

उदाहरण देतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा होता. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन, निवृत्त गणितशिक्षक. घोड्याला बेरीज विचारली की तो खुराने तितके ठोके मारायचा. अपूर्णांक यायचे, तारीख सांगायचा. मालक एक पैसा घेत नव्हता. १९०४मध्ये एक समिती बसली, तिच्यात पशुवैद्य होते, सर्कशीतला माणूसही होता. त्यांना कसलीही लबाडी सापडली नाही. मालक अंगणात नसतानाही, परक्याने विचारलं तरी घोडा उत्तर द्यायचा.

थांबा. इथे पोस्टकार्ड ठेवा. तुम्ही असतात तर पुढे काय तपासलं असतंत?

आमच्या वाचनगटात मी हे विचारलं तेव्हा एक आजोबा हसून म्हणाले, "अहो, हा तर नंदीबैल." खरंच आहे. गुबुगुबु वाजवत दारात येणारा, "पाऊस पडेल का?" म्हटल्यावर मान हलवणारा नंदीबैल आपण सगळ्यांनी पाहिलाय. नंदीवाल्याच्या हातातली दोरी कुठे हलते तेही लहानपणीच शोधून काढलेलं असतं. मग सगळ्यांनी वहीत लिहिलं : मालक लपूनछपून खूण करत असणार.

आता पोस्टकार्ड काढा. ऑस्कार फुंग्स्ट या तरुण संशोधकाने दोन साध्या गोष्टी केल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली, आणि घोड्याला विचारणारा दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा हान्सचं गणित कोलमडलं. घोडा माणसाकडे बघत होता. प्रश्न विचारला की माणूस खुराकडे बघायला किंचित वाकतो, बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत तसूभर वर जातं. तिथे घोडा थांबायचा. हे कळल्यानंतरही फुंग्स्टला स्वतःच्या हालचाली पुरत्या आवरता येईनात.

आमचा अंदाज निम्मा बरोबर होता. खूण होती. पण मालक खूण "करत" नव्हता, ती त्याच्याकडून होत होती. नंदीवाल्याला आपली दोरी माहीत असते. फॉन ओस्टेनच्या हातात दोरीच नव्हती, आणि तो अखेरपर्यंत हान्सच्या बुद्धीवर विश्वास ठेवून गेला. हे मी पोस्टकार्डाशिवाय वाचलं असतं तर "हां, ठाऊकच होतं" म्हणून पुढे गेलो असतो. वहीत "लपूनछपून" हा शब्द माझ्याच अक्षरात होता म्हणून कळलं, की अशा ठिकाणी माझं मन आधी लबाड शोधतं. तेव्हापासून अंगात येणाऱ्या बाईबद्दल किंवा पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणणाऱ्या शेतकऱ्याबद्दल बोलताना "ढोंग" हा शब्द मी लगेच वापरत नाही. स्वतःची फसगत व्हायला ढोंग लागत नाही.

दुसरा नमुना घरचा आहे. २००८मध्ये जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं : प्रत्येकाला यातल्या कुठल्याही चाळीस पत्रिका मिळतील, कुठली हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची एवढंच सांगायचं. पन्नासेक जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली.

मी हे एका कागदावर टाइप करून ठेवलंय, निकाल मागच्या बाजूला. वाचणाऱ्याने आधी पेन्सिलीने दोन आकडे लिहायचे : चाळीसपैकी सरासरी किती बरोबर येतील, आणि सगळ्यात चांगल्या ज्योतिषाचे किती. आणखी एक गोष्ट लिहायची : निकाल माझ्या मनाविरुद्ध लागला तर मी कोणती हरकत घेईन. हे शेवटचं फार कामाचं आहे. निकाल बघितल्यावर "जन्मवेळाच चुकीच्या असतील" किंवा "खरे ज्योतिषी आलेच नसतील" असं म्हणणं सोपं असतं. तेच आधी लिहावं लागलं की हरकत खरी आहे की सोय, हे आपलं आपल्याला दिसतं.

निकाल : सरासरी निम्म्याहून थोडी कमीच. सर्वोत्तम ज्योतिषाची २४ उत्तरं बरोबर. एका संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या होत्या, त्यांची १०२ बरोबर आली.

चोवीस हा आकडा पाहून नवखा वाचक इथे हमखास अडतो. "म्हणजे एकाला तरी येत होतं की!" मग मी खिशातून नाणं काढतो. चाळीस वेळा उडवलं तर छापे वीसच्या आसपास येतील, पण बरोबर वीसच येतील असं नाही. २७ जणांनी चाळीस-चाळीस वेळा उडवलं, तर त्यातल्या तिघा-चौघांना चोवीस किंवा जास्त छापे मिळणं अगदी स्वाभाविक आहे. गणिताचा कंटाळा असेल तर एका रविवारी खरंच उडवून बघा. चाळीस नाणेफेकींना दहा मिनिटंही लागत नाहीत.

पायरी चौथी : हात ओले करा

वाचलेलं हाताने करून बघितलं की जास्त टिकतं. २१ सप्टेंबर १९९५ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि रांगेतही होतो. चमचा सोंडेला लावला, दूध कमी झालं, माझ्या अंगावर काटा आला. बऱ्याच वर्षांनी पृष्ठताणाबद्दल, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्याबद्दल, वाचल्यावर स्वयंपाकघरात तेच करून बघितलं. गणपतीऐवजी पाट्यावरचा वरवंटा उभा केला, पाण्याने ओला केला, चमचा काठोकाठ भरून किंचित तिरका करून टेकवला. वरवंटा दूध प्यायला! मग दुधात चिमूटभर कुंकू घातलं. आता वरवंट्यावरून खाली उतरणारी लाल रेघ स्पष्ट दिसली. रंगीत दुधाचा हाच प्रयोग शास्त्रज्ञांनी त्या दिवसांत करून दाखवला होता. पांढऱ्या मूर्तीवरून पांढऱ्या दुधाचा पातळ ओघळ दिसत नाही, एवढीच ती गोष्ट. तो काटा मात्र खोटा नव्हता. तो मला अजून आठवतो, म्हणून त्या रांगेतल्या लोकांना मी हसत नाही.

दुसरा प्रयोग मित्रमंडळीत करा. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचं "खास" वर्णन दिलं आणि ते किती जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि ते बरंचसं स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेलं होतं. तुम्हीही असा एक परिच्छेद लिहा : "तुम्ही वरून कणखर दिसता पण आतून हळवे आहात, तुमच्या गुणांचं अजून चीज झालेलं नाही, माणसांनी तुमचा फायदा घेतलाय." प्रती काढा, पाकिटावर एकेकाचं नाव घाला, वाटा. आमच्याकडे सगळ्यांनी "अगदी बरोबर" म्हटलं. एका ताईंनी तर कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि सगळ्यांचे कागद सारखेच आहेत हे सांगताना माझीच पंचाईत झाली.

प्रयोगाला प्रयोगशाळा लागते असं वाटत असेल तर एमिली रोझाचं वाचा. अमेरिकेतली नऊ वर्षांची मुलगी. शरीराला न शिवता हातांनी माणसाचं "ऊर्जाक्षेत्र" जाणवतं, असा दावा करणारे उपचारक तिने मधे पुठ्ठा ठेवून तपासले. ते पुठ्ठ्यातून दोन्ही हात पुढे करायचे, ती नाणं उडवून कुठल्या तरी एका हातावर आपला हात धरायची, आणि कुठल्या ते त्यांनी ओळखायचं. २१ उपचारक, २८० प्रयत्न, १२३ बरोबर. म्हणजे निम्म्याहूनही कमी. १९९८मध्ये हे अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं.

पायरी पाचवी : आपल्या बाजूचं खोटं शोधा

इथवर आलेला वाचक थोडा फुशारलेला असतो. मी तर फारच फुशारलो होतो. एका शाळेत बोलावलं म्हणून गेलो आणि ठसक्यात सांगितलं, "सगळे पृथ्वी सपाट मानत होते, एकटा कोलंबस गोल म्हणाला आणि निघाला." आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग ग्रीकांनी पृथ्वीचा घेर मोजला होता तो कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन शोधलं. कोलंबसच्या काळच्या शिकलेल्या युरोपीय माणसाला पृथ्वी गोल असल्याचं चांगलं ठाऊक होतं. वाद होता तो आकाराचा. कोलंबस पृथ्वी आहे त्यापेक्षा बरीच लहान धरत होता, त्याला विरोध करणारे मोठी, आणि बरोबर होते ते विरोधकच. वाटेत अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. सपाट पृथ्वीची गोष्ट लोकप्रिय व्हायला वॉशिंग्टन अर्विंग यांनी १८२८मध्ये लिहिलेलं कोलंबसाचं रसभरीत चरित्र मोठं कारण ठरलं. मी ती कधी तपासली नाही, कारण ती आमच्या बाजूची होती. एकटा शहाणा, बाकी सगळे अंधश्रद्ध. ऐकायला किती छान!

म्हणून वहीत एक पान खास ठेवा : मला आवडलेली आणि न तपासलेली माहिती. "युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरवलं" हा निरोप मी स्वतः पुढे ढकललेला आहे. युनेस्कोने असलं काही केलेलं नाही. बुवाचा चमत्कार तपासायला आपण टपून बसलेले असतो, कौतुक मात्र तपासायचं राहून जातं.

आणि काका?

महिना झाला असेल तर आता काकांकडे जा. पुस्तक घेऊन जाऊ नका. तुमच्या वहीतलं एक चुकलेलं पान घेऊन जा आणि तेच वाचून दाखवा. मग त्यांना विचारा, बुवांनी सांगितलेलं कधी चुकलं होतं का. उत्तर यायला वेळ लागतो, मधे चहा होतो, विषय बदलतो. बदलू द्या. पैसे, मारहाण किंवा औषध बंद करायला लावणं असलं काही चालू असेल तर मात्र वहीची वाट बघू नका. त्यासाठी कायदा आहे, पोलीस ठाणं आहे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आहेत.

तो पत्रिकांच्या चाचणीचा कागद अजून काउंटरच्या खणात आहे. समासात आता बरेच आकडे झालेत : ३०, ३५, २०, "सांगता येत नाही", पुन्हा ३५, एका ठिकाणी खाडाखोड करून २२. गेल्या आठवड्यात एक मुलगी आली होती. लग्न ठरत होतं, पत्रिकेवरून अडलेलं. तिने बराच वेळ पेन्सिल हातात धरून ठेवली, मग अगदी बारीक अक्षरात ३८ लिहिलं, आणि कागद उलटायच्या आधी मला विचारलं, "इथेच वाचू, की घरी नेऊ?"

मी म्हटलं, घरी न्या. तो एकच कागद आहे, तेवढा परत आणा.